मातृरोप आलं कुठून? दुर्मिळ झाडांची नर्सरी, साइट्सचे नियम आणि रानातली झाडं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातले एक कृषी पदवीधर केळीच्या रोपांची टिश्यू कल्चर लॅब चालवतात. त्यांना आता दुर्मिळ ऑर्किड आणि कंदीलपुष्पं वाढवून परदेशातल्या संग्राहकांना विकायची आहेत. ते विचारतात, "लॅबमधून हजारो रोपं बाजारात आली तर रानातून चोरी करायची गरजच उरणार नाही. मग साइट्ससारखे, म्हणजे धोक्यातल्या रानटी जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारासारखे नियम आमच्यासारख्या नर्सरीवाल्यांच्या आड का येतात? या नियमांनी झाडं वाचतात, की नुसते कागद वाढतात? आणि सुरुवात कशाने करावी?"

तुमचा अर्धा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझं सगळं कामाचं आयुष्य ऑर्किडचं बी बाटलीत रुजवण्यात आणि ती रोपं बाहेरच्या हवेला सरावण्यात गेलं आहे. चांगली नर्सरी रानावरचा भार उतरवू शकते, हे मी पाहिलं आहे. पण ते आपोआप होत नाही. नर्सरीच्या हाती पहिली मातृरोपं, म्हणजे ज्यांच्यापासून पुढची रोपं तयार करतात ती मूळ रोपं, कायद्याने आली का, आणि रान ओरबाडलं जाण्याच्या आत आली का, यावर सगळं ठरतं. साइट्सचे नियमही मुळात हाच प्रश्न विचारतात. म्हणून आधी तो नीट समजून घेऊ, परवान्यांचं नंतर बघू.

ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारखं बारीक बी हजारोंनी असतं, काही जातींत लाखोंनी. त्या बियात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच. रानात नेमक्या बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि बहुतेक बियांना ती मिळत नाही. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या अगार नावाच्या जेलीसारख्या माध्यमावर ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं. १९६० च्या सुमारास फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियम ऑर्किडच्या वाढत्या कोंबातल्या उतीपासून रोपं तयार केली. आज फुलांच्या दुकानात जी फॅलेनॉप्सिस ऑर्किडं दिसतात, त्यांचा सगळा व्यापार या दोन पायऱ्यांवर उभा आहे. त्यासाठी कोणाला रानात जावं लागत नाही. म्हणजे तंत्राच्या बाजूने बघितलं तर एखादी जात जगभर पोचवायला दोन-चार निरोगी मातृरोपं आणि एक धीराचा माणूस पुरतो.

त्या दोन-चार रोपांची गोष्ट पेरूत कशी घडली, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

२००२ च्या मे महिन्यात उत्तर पेरूतल्या मोयोबांबा भागात रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडे मायकल कोवाक या अमेरिकन ऑर्किडप्रेमीला फ्रॅगमिपेडियम वंशातलं एक अनोळखी ऑर्किड दिसलं. फूल पंधरा सेंटिमीटरच्या आसपास रुंद, गडद जांभळट गुलाबी. त्या वंशात असं काही कोणी पाहिलेलं नव्हतं. त्याने ते विकत घेतलं आणि कुठलाही साइट्स परवाना न घेता फ्लोरिडातल्या मेरी सेल्बी बोटॅनिकल गार्डन्समध्ये नेलं. फ्रॅगमिपेडियमचा सगळा वंश १९९० पासून साइट्सच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. म्हणजे रानातल्या रोपाचा व्यापार पूर्ण बंद, आणि संशोधनासाठी न्यायचं असलं तरी दोन्ही देशांची परवानगी हवी. तरीही त्या उद्यानाच्या तज्ज्ञांनी जूनमध्ये घाईघाईने जातीचं वर्णन छापलं आणि नाव ठेवलं फ्रॅगमिपेडियम कोवाची. दुसरा एक अभ्यासक त्याच जातीला पेरूचं नाव द्यायच्या तयारीत होता, त्याच्या काही दिवस आधी हे छापून आलं. पुढे अमेरिकेत खटला झाला. उद्यानाने गुन्हा कबूल केला, पाच हजार डॉलर दंड आणि तीन वर्षांची न्यायालयीन देखरेख (प्रोबेशन) अशी शिक्षा झाली. कोवाकला एक हजार डॉलर दंड आणि दोन वर्षांची देखरेख मिळाली.

दंडाची रक्कम लहान होती, त्यावर बरीच टीका झाली. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्याच काळात पेरूच्या डोंगरात जे चाललं होतं ते. जातीची बातमी फुटली आणि पहिल्या माहीत झालेल्या ठिकाणची झाडं बघता बघता उपसली गेली. तिथल्या शेतकऱ्याला रोपामागे मिळणारा पैसा किरकोळ होता. परदेशात पोचल्यावर त्याच रोपाचा भाव अव्वाच्या सव्वा झालेला असे. बाजारात मागणी होती, कायदेशीर रोप एकही नव्हतं, आणि ही पोकळी चोरांनी भरली.

त्यानंतर पेरू सरकारने केलेली गोष्ट मी नवीन मुलांना नेहमी सांगतो. त्यांनी देशातल्या नर्सरीवाल्यांना रानातून अगदी मोजकी रोपं उचलायची अधिकृत परवानगी दिली, फक्त मातृरोपं म्हणून. त्या रोपांवर हाताने परागण झालं, बोंडं धरली, बी बाटलीत पेरलं गेलं, आणि काही वर्षांत पेरूतूनच रोपांच्या बाटल्या कागदपत्रांसह परदेशी जाऊ लागल्या. फ्रॅगमिपेडियम तसं लवकर फुलणारं. बियापासून साधारण तीन ते पाच वर्षांत फूल दिसतं. लवकरच संकरित जातीही आल्या, त्यात लाल फुलांच्या बेसी या जातीशी केलेला संकर खूप गाजला. एकेकाळी ज्या फुलासाठी लोक तुरुंगाचा धोका पत्करत होते, ते आज घरच्या खिडकीत वाढवता येतं, पावतीसह.

आता यातून काय घ्यायचं? तुम्ही म्हणाल, बघा, लॅबनेच प्रश्न सोडवला. मी म्हणेन, लॅबने सोडवला, पण तोवर पहिलं ठिकाण गेलेलं होतं. जात जाहीर होणं आणि कायदेशीर मातृरोप नर्सरीत पोचणं यांच्यामधला जो काळ असतो, तोच चोरीचा हंगाम असतो. हा काळ जितका लांबेल तितकं रान रिकामं होतं. पेरूत ती परवानगी जातीच्या वर्णनाबरोबरच निघाली असती, तर ते ठिकाण वाचण्याची शक्यता खूप वाढली असती असं माझं ठाम मत आहे. नियमांमुळे इथे नुकसान झालं नाही. नियम वापरून लवकर दार उघडणारं कोणी वेळेवर भेटलं नाही, म्हणून झालं.

व्हिएतनाममध्ये हे दार उघडलंच नाही, किंवा फार उशिरा उघडलं. पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्स या ऑर्किडच्या जातीचं वर्णन १९९९ मध्ये झालं. उत्तर व्हिएतनामच्या थाय न्गुयेन प्रांतातल्या चुनखडीच्या डोंगरांवर ती होती, आणि थोड्याच वर्षांत संग्राहकांनी ती इतकी उपसली की आता रानात ती उरली असेल का याचीच शंका घेतली जाते. जात नर्सरीत आहे, फुलते आहे, पण त्यातल्या बऱ्याच रोपांचा वंश कायदेशीर मातृरोपापर्यंत दाखवता येत नाही. जात जिवंत आहे, पण डोंगर रिकामा आहे. याला मी संवर्धन म्हणायला तयार नाही.

आता नियमांकडे येऊ. साइट्सचा करार ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनला झाला आणि १ जुलै १९७५ पासून लागू झाला; भारत १९७६ पासून त्यात आहे. परिशिष्ट १ मधल्या जातींचा रानातून व्यापार बंद. परिशिष्ट २ मधल्या जातींचा व्यापार परवान्याने, आणि तोही त्या देशाच्या शास्त्रीय प्राधिकरणाने 'यामुळे रानातल्या संख्येला धक्का लागत नाही' असा निर्वाळा दिल्यावरच. परिशिष्ट ३ मध्ये एखाद्या देशाने आपल्यापुरत्या नोंदवलेल्या जाती येतात. ऑर्किडचं सगळंच्या सगळं कुळ किमान परिशिष्ट २ मध्ये आहे. त्यामुळे साइट्सच्या याद्यांमध्ये प्राण्यांपेक्षा वनस्पतींची नावं कितीतरी जास्त आहेत, आणि त्यातली बहुतेक ऑर्किडची आहेत.

नर्सरीवाल्याच्या दृष्टीने या करारातली सगळ्यात मोलाची तरतूद वेगळीच आहे. परिशिष्ट १ मधली वनस्पती व्यापारासाठी कृत्रिमरीत्या वाढवलेली असेल, तर तिला परिशिष्ट २ चीच वागणूक मिळते. म्हणजे बंदी उठते आणि फक्त परवाना उरतो. अशा रोपांची निर्यात करणाऱ्या नर्सरींची नोंदणीही साइट्सकडे होते. निर्जंतुक बाटलीत, माध्यमावर वाढलेल्या ऑर्किडच्या रोपांना परिशिष्ट २ मध्ये साइट्सचा परवानाच लागत नाही. परिशिष्ट १ च्या ऑर्किडनाही बाटलीची ही सवलत आहे, पण ती रोपं 'कृत्रिमरीत्या वाढवलेली' या व्याख्येत बसली पाहिजेत. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, सिंबिडियम आणि वांडा या ऑर्किडच्या वंशांच्या नर्सरीत केलेल्या संकरांनाही काही अटींवर मोकळीक आहे.

म्हणजे नियम तुमच्या आड येत नाहीत. उलट बाटलीतून रोपं काढणाऱ्याला ते मुद्दाम वाट करून देतात. फक्त व्याख्येची अट पाळावी लागते, आणि ती अट अशी: रोप नियंत्रित वातावरणात वाढलेलं हवं, ते लागवडीतल्या मातृसाठ्यापासून आलेलं हवं, आणि तो मातृसाठा देशाच्या कायद्यानुसार, रानातल्या जातीला इजा न करता जमवलेला हवा. बाकीचे सगळे अर्ज, शिक्के आणि तपासण्या या तिसऱ्या अटीची खातरजमा करण्यासाठी आहेत.

इतकी खातरजमा का करतात, हे व्यापारात थोडे दिवस काढलेत की कळतं. रानातून उपटलेलं रोप एखादा हंगाम शेडनेटखाली ठेवायचं, नवं पान आलं की 'नर्सरीत वाढवलेलं' असं लिहून निर्यात करायचं, ही जगभरची जुनी युक्ती आहे. ओळखणाऱ्याला ती ओळखू येते. रानातल्या रोपाची मुळं झाडाच्या सालीवरून किंवा खडकावरून ओढून काढलेली असतात, तुटकी असतात, त्यांना साल आणि शेवाळ चिकटलेलं असतं. जुन्या पानांवर किडीचे आणि उन्हाचे डाग असतात, दगडफूल चढलेलं असतं. खोक्यातली रोपं लहानमोठी, वेगवेगळ्या वयाची असतात. नर्सरीतलं रोप कुंडीच्या आकारात मुळं धरतं, पानांची वाढ एकसारखी असते, आणि एका पेरणीची रोपं भावंडांसारखी जवळपास सारख्या उंचीची दिसतात. रोपं वाचवायची असतील तर ही नजर आपल्याला यायलाच हवी, कारण विकत घेतानाही तीच उपयोगी पडते.

नियम आणि नर्सरी दोन्ही नीट चालले तर काय होतं, याचं माझ्या मनातलं उदाहरण म्हणजे निळा वांडा. ईशान्य भारताच्या खासी टेकड्यांपासून म्यानमार आणि थायलंडपर्यंत तो आढळतो. ऑर्किडमध्ये निळा रंग दुर्मिळ, म्हणून युरोपला त्याचं वेड लागलं. १८५० मध्ये ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांनी खासी टेकड्यांतून या झाडाची सात माणसांनी वाहायची ओझी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी जमवली आणि त्यातली फार थोडी जिवंत पोचली, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्याच भागातून दुसऱ्या एकाने पाठवलेलं एका माणसाचं ओझं इंग्लंडमध्ये तीनशे पौंडांना विकलं गेलं. त्या काळात ऑर्किड मिळवायचं म्हणजे रान खरवडायचं, दुसरा मार्गच नव्हता.

विसाव्या शतकात थायलंडच्या नर्सरीवाल्यांनी हे चित्र पालटलं. त्यांनी निळ्या वांडाची पिढ्यानपिढ्या निवड केली. रानातल्या फुलाच्या पाकळ्या पिळवटलेल्या, रंग फिका, पाकळ्यांमध्ये फट. नर्सरीतल्या निवडीची फुलं भरीव, सपाट, गडद. १९३१ मध्ये नोंदवलेला वांडा रॉथशिल्डियाना हा संकरही निळ्या वांडाचाच, आणि आजच्या निळ्या-जांभळ्या वांडा संकरांच्या वंशावळीत तो सतत दिसतो. हळूहळू अशी वेळ आली की ग्राहकाला रानातलं रोप नकोच असे, कारण नर्सरीतलं स्वस्त, निरोगी आणि देखणं होतं. हे सगळं जमून आल्यावर २००४ च्या बँकॉक परिषदेत थायलंडच्या प्रस्तावावरून निळा वांडा परिशिष्ट १ मधून परिशिष्ट २ मध्ये आला. आधी नियम कडक, आणि लागवड भक्कम झाल्यावरच नियम सैल. या क्रमाने गेलो तर रान वाचतं. आपल्याकडे केरळात पालोडच्या वनस्पती उद्यानात याच वांडाची रोपं लॅबमध्ये तयार करून जंगलातल्या झाडांवर बसवण्याचंही काम झालं आहे.

पण हे प्रत्येक झाडाला लागू होत नाही, आणि इथे तुमचं गणित अडतं. रक्तचंदन घ्या. ते १९९५ पासून परिशिष्ट २ मध्ये आहे. त्याची रोपं तयार करणं अवघड नाही. महाराष्ट्रातही शेतकऱ्यांना ती विकली जातात. पण लाल गाभ्याचं लाकूड भरायला दशकं लागतात, आणि बंदरावर पडलेला ओंडका आंध्रातल्या शेषाचलमच्या जंगलातला की कोणाच्या बांधावरचा, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणजे लागवडीचं लाकूड जंगलातल्या लाकडाला किमतीत हरवत नाही, उलट त्याला लपायला जागा देऊ शकतं. माझी कसोटी सोपी आहे. रोप विक्रीला यायला किती वर्षं लागतात? आणि नर्सरीतला माल रानातल्या मालापासून वेगळा ओळखता येतो का? ऑर्किडच्या बाटलीबद्दल दोन्ही उत्तरं चांगली आहेत, रक्तचंदनाच्या ओंडक्याबद्दल दोन्ही वाईट. मध्ये कितीतरी झाडं आहेत. पॅफिओपेडिलम रॉथशिल्डियानमला बियापासून फुलायला दहा-दहा वर्षं लागू शकतात, आणि त्या वंशात उतीपासून हुबेहूब रोपं काढणं अजूनही जमत नाही असंच म्हणावं लागतं. तिथे धीर आणि भांडवल दोन्ही लागतं.

नियमांची खरीखुरी झळ ज्यांना बसली तेही सांगतो, नाहीतर उत्तर एकांगी होईल. कुठ, म्हणजे आपल्या आयुर्वेदातलं कुष्ठ, लाहौलचे शेतकरी १९२० च्या दशकापासून शेतात लावत आले. रानातलं कुठ संपत चाललं म्हणून १९८५ मध्ये ते परिशिष्ट १ मध्ये गेलं, आणि ते बरोबरच होतं. पण मग शेतात पिकवलेल्या मुळ्यांनाही 'हे लागवडीचं आहे' असा दाखला लागू लागला. डोंगरातल्या लहान शेतकऱ्याला तो मिळवणं म्हणजे खर्च आणि हेलपाटे. भाव पडले, वाटाणा आणि बटाटा जास्त पैसे देऊ लागला, आणि लागवड आटली. लागवड करणाऱ्यालाच नियम जड झाला तर नियमाचा हेतू मागे पडतो. दाखला गावपातळीवर, वेळेत आणि फुकट मिळायला हवा, ही मागणी मी अनेक बैठकांत केली आहे आणि करत राहीन.

ऑस्ट्रेलियाच्या वोलेमी पाइनची वाट आणखी वेगळी होती. ज्याच्यासारखी झाडं फक्त जीवाश्मांतून माहीत होती, असं हे झाड १९९४ मध्ये सिडनीच्या वायव्येला एका खोल दरीत सापडलं. प्रौढ झाडं शंभराहून कमी. सरकारने जागा गुप्त ठेवली, छाटकलमांवरून गुपचूप साठा वाढवला, आणि तो पुरेसा झाल्यावरच २००५ मध्ये पहिल्या रोपांचा लिलाव केला. पुढच्या वर्षापासून रोपं जगभर विक्रीला आली, आणि विक्रीतला वाटा संवर्धनाला गेला. चोराला काही करायला जागाच उरली नाही. तरीही दरीतल्या झाडांना मुळं कुजवणाऱ्या फायटॉप्थोराची लागण झाली, बहुधा चोरून गेलेल्या कोणाच्या बुटांच्या चिखलातून. आणि २०१९-२० च्या वणव्यात ती झाडं वाचवायला अग्निशमन दलाला खास मोहीम काढावी लागली. लाखभर रोपं बागांमध्ये असली तरी दरीची राखण दरीतच करावी लागते.

आता तुमच्या सह्याद्रीकडे. शिंदळ माकुडी तुम्ही पाहिली असेल. जुन्नरच्या परिसरातून वनस्पतीशास्त्रज्ञ डाल्झेलने १८६० च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून वंशाला फ्रेरिया म्हटलं. शिवनेरी, पुरंदर अशा कड्यांवर, पावसाळ्यात पानं आणि तपकिरी-लाल चांदणीसारखं फूल, उन्हाळ्यात नुसत्या मांसल काड्या. एकेकाळी जगातल्या सर्वांत धोक्यातल्या वनस्पतींमध्ये तिची गणना झाली. काडी लावली की ती सहज रुजते, त्यामुळे पुण्यातल्या गच्च्यांपासून युरोपातल्या संग्रहांपर्यंत ती पोचली आहे. म्हणून कड्यावरची चोरी तशी कमी झाली, हा नर्सरीचा फायदा नक्कीच आहे. पण कड्याला लागणारा वणवा, शेळ्यांची चराई आणि किल्ल्यांवरची बांधकामं कुंडीतल्या काडीने थांबत नाहीत. शिवाय काडीपासून काडी लावत गेलो तर सगळीकडे तीच दोन-चार झाडं फिरत राहतात, वेगवेगळ्या कड्यांवरचा फरक त्यात येत नाही.

कंदीलपुष्पांच्या बाबतीत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मोठं काम केलं आहे: जाती शोधणं, वाढवणं, पुन्हा रानात लावणं. तुम्हाला या जातींत उतरायचं असेल तर पहिला रस्ता अशा संस्थेकडेच जातो. कंदीलपुष्पं आणि शिंदळ माकुडी आज साइट्सच्या परिशिष्टांत नाहीत, म्हणून मोकळं रान आहे असं मात्र समजू नका. वनजमिनीवरून रोप, कंद किंवा बी उचलायला वनखात्याची परवानगी लागते. व्यापारासाठी जैवसंपत्ती वापरायची तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो. महाराष्ट्रात त्यासाठी नागपूरला राज्य जैवविविधता मंडळ आहे आणि गावोगावी व्यवस्थापन समित्या आहेत. समितीशी आधी बोला. ज्या गावच्या पठारावरचं बी तुम्ही वापरणार, त्या गावाला विक्रीतला वाटा मिळाला, तर पठार राखायला गावच उभं राहतं. खाण किंवा रिसॉर्टचा प्रस्ताव आला की ग्रामसभेत कोण बोलणार, हा प्रश्न लॅबमधल्या कुठल्याही माध्यमापेक्षा मोठा आहे.

ऑर्किड करणार असाल तर वन्यजीव संरक्षण कायदा उघडून बसा. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात सहा वनस्पती विशेष संरक्षित झाल्या: बेडोमचा सायकस, निळा वांडा, लाल वांडा, कुठ, खासी टेकड्यांतली घटपर्णी, आणि पॅफिओपेडिलमच्या सगळ्या जाती. निळा वांडा साइट्समध्ये सैल झाला तरी आपल्या देशात त्याच्या लागवडीला आणि व्यापाराला मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो, हे बरेच जण विसरतात. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने मांडल्या. आता वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत आहेत आणि साइट्समधल्या जाती चौथीत. परिशिष्ट १ मधल्या जाती कृत्रिमरीत्या वाढवणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. जातीचं शास्त्रीय नाव नव्या अनुसूचीशी ताडून बघितल्याशिवाय एकही बोंड लॅमिनारखाली, म्हणजे निर्जंतुक हवेच्या पेटीत, घेऊ नका. आणि परदेशातल्या संकेतस्थळावरून पॅफिओपेडिलमचं रोप पाकिटातून मागवायचा मोह टाळा. साइट्सचे कागद नाहीत, वनस्पती विलगीकरणाचा आयात परवाना नाही, अशा रोपापासून केलेली सगळी पुढची पिढी तुमच्या हातात बेकायदेशीरच राहते, मग ती कितीही निरोगी असो.

सुरुवात कशाने करावी असंही तुम्ही विचारलं आहे. कायद्याने मिळणाऱ्या, लवकर फुलणाऱ्या आणि साइट्समध्ये सोप्या असलेल्या संकरांनी करा. डेंड्रोबियम आणि वांडा आपल्या कोकणाच्या हवेत चांगले येतात. त्यातून लॅबचा खर्च निघेल आणि हार्डनिंगचा, म्हणजे रोपं बाहेरच्या हवेला सरावण्याचा, हात बसेल. केळीचं रोप बाहेर आल्यावर जसं झपाट्याने वाढतं तसं ऑर्किड वाढत नाही. बाटलीतून काढलेल्या रोपाची पहिली दोन-तीन महिन्यांची आर्द्रता सांभाळणं हे निम्मं काम आहे, आणि तिथेच नवीन लोकांची सगळ्यात जास्त रोपं जातात. दुर्मिळ जातीकडे त्यानंतर वळा, आणि वळताना एखाद्या संस्थेशी लेखी करार करून मातृरोपं घ्या. शक्य तिथे उतीपेक्षा बी वापरा आणि एकाच रोपावर स्वपरागण करत बसू नका. दोन वेगळ्या ठिकाणच्या रोपांचं परागण केलं तर पिढी दमदार होते. रानात परत लावायची रोपं मात्र त्याच ठिकाणच्या वंशाची ठेवा, संकर तिथे नेऊ नका.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, संगणकावर आणि कागदावर दोन्हीकडे. प्रत्येक मातृरोपाला क्रमांक, ते कोणाकडून, कोणत्या तारखेला, कोणत्या परवान्याने आलं, मूळ ठिकाण कोणतं. प्रत्येक परागणाची तारीख आणि आई-बाप. बोंड कधी काढलं, किती बाटल्या पेरल्या, किती रोपं बाहेर काढली, किती मेली, किती विकली आणि कोणाला. दर रोपाच्या लेबलवर तोच क्रमांक. अधिकारी तपासणीला येतात तेव्हा हीच वही बघतात, आणि साइट्सचा परवाना मागताना 'मातृसाठा कायदेशीर आहे' हे दाखवणारा दुसरा पुरावा तुमच्याकडे नसतो. निर्यातीच्या आधी किमान दोन वर्षं ही नोंद सलग असू द्या. नंतर आठवून लिहिलेली वही अनुभवी तपासनीसाला पहिल्या पानावर कळते.